शेवटचा शब्द कोणाचा?

रविवारी रात्री आमची मेस बंद असते. त्यामुळे त्या दिवशी रूमवर दोन गोष्टी हमखास शिजतात, मॅगी आणि वाद. रूममध्ये आम्ही तिघं. एक वसईचा कॅथलिक, एक नगरचा (कागदोपत्री आता अहिल्यानगर) प्रोटेस्टंट, आणि तिसरा मी, मेकॅनिकल थर्ड इयर, ज्याची कॉट या दोघांच्या मध्ये आहे. पहिलं वर्षभर मला वाटायचं की हे दोघं ख्रिश्चन, म्हणजे एकाच बाजूचे. मग एका रविवारी पोपचा विषय निघाला. मॅगी थंड झाली, पण हे दोघं काही थांबेनात.

त्या वादात एक नाव सारखं येत होतं, मार्टिन ल्यूथर. मला वाटलं अमेरिकेतले मार्टिन ल्यूथर किंग. दोघंही पोट धरून हसले. त्या रात्री त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत. किंग यांचं नाव मुळात ज्याच्यावरून ठेवलं, तो हा जर्मनीतला जुना ल्यूथर. आपलं अज्ञान लपवायचं म्हणून दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेलो आणि अडकलोच. त्याच आठवड्यात आमच्या लॅबमध्येही एक प्रकार घडला. तो शेवटी सांगतो. आधी ल्यूथर.

जन्म १० नोव्हेंबर १४८३, गाव आइस्लेबेन. वडील हान्स तांब्याच्या खाणधंद्यातले. कष्टाने वर आलेला माणूस, आणि मुलाने वकील व्हावं ही त्यांची इच्छा. (मित्रांनो, ओळखीची गोष्ट वाटते ना? तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजं नव्हती, एवढाच फरक.) मुलगा हुशार. एरफुर्ट विद्यापीठातून १५०५ मध्ये एम. ए. झाला, कायद्याला प्रवेशही घेतला. पण २ जुलै १५०५ ला घरून परतताना वादळाने गाठलं आणि वीज अगदी जवळ कोसळली. घाबरून त्याने संत ॲनाला नवस केला की वाचलो तर संन्यासी होईन. वाचला, आणि पंधरा दिवसांत मठात दाखल झाला. वडील भयंकर चिडले. १५१२ मध्ये तो धर्मशास्त्राचा डॉक्टर झाला आणि विटेनबर्गच्या नव्या विद्यापीठात बायबल शिकवू लागला. म्हणजे पुढे ज्याने युरोप हलवला, तो पेशाने मास्तर होता.

आता मुख्य भानगड. शाळेच्या इतिहासात आपण वाचलंय की पोपने पापक्षमापत्रं विकायला काढली. वसईकराने इथे मला अडवलं, आणि त्याचं बरोबर होतं. कॅथलिक शिकवणीप्रमाणे ते पत्र पापाची क्षमा देत नाही. क्षमा मिळते ती पश्चात्ताप करून पाप कबूल केल्यावर. त्यानंतरही जो दंड भोगायचा उरतो, त्यात ही माफी. पण शिकवण एक आणि बाजारातली विक्री वेगळी. योहान टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक गावोगाव फिरून ही पत्रं अशी खपवत होता की मेलेल्या आईबापांच्या आत्म्याची सुटकाही पैशाने होते, असं लोकांना वाटावं. निम्मा पैसा रोमला, सेंट पीटर्सच्या बांधकामासाठी. उरलेला निम्मा मेंझच्या आर्चबिशपचं फुगर पेढीचं कर्ज फेडायला. हा आतला हिशेब ल्यूथरला तेव्हा ठाऊक नव्हता. त्याला दिसत होतं ते एवढंच की लोक पत्र घेऊन निर्धास्त होत आहेत आणि पश्चात्ताप बाजूला राहतोय.

३१ ऑक्टोबर १५१७ ला त्याने आर्चबिशपला पत्र लिहिलं आणि सोबत चर्चेसाठी ९५ मुद्दे लॅटिनमध्ये जोडले. ते त्याने चर्चच्या दारावर खिळ्याने ठोकले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण ती घडली की नाही यावर इतिहासकारांत वाद आहे. पत्र पाठवलं हे मात्र पक्कं. बाकीचं काम छापखान्यांनी केलं.

तेव्हा ल्यूथर पोपच्या विरोधात नव्हताच, हे मला वाचताना जाणवलं. त्याचा समज होता की पोपला हे कळलं तर तोच थांबवेल. पण रोमहून १५१८ मध्ये प्रिएरियास या धर्मपंडिताचं जे उत्तर आलं, त्याचा भर दंडमाफीपेक्षा अधिकारावर होता. चर्च जे प्रत्यक्ष करतं, ते करायचा त्याला अधिकार नाही असं म्हणणारा पाखंडी, असा त्याचा सूर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आउग्सबुर्गला कार्डिनल कायेतान यांच्यासमोर तो उभा राहिला. कार्डिनलांनी पोपचा १३४३ चा आदेश पुढे केला आणि म्हणणं मागे घ्यायला सांगितलं. ल्यूथरने बायबलमधला आधार मागितला. इथून भांडणाचा विषयच बदलला. प्रश्न पैशांचा राहिला नाही. प्रश्न झाला, शेवटचा शब्द कोणाचा?

१५१९ मध्ये लाइपझिगला योहान एक या विद्वानाशी त्याचा जाहीर वाद झाला. एक वस्ताद होता. त्याने ल्यूथरला बरोबर यान हुसपर्यंत ओढत नेलं. हुस म्हणजे बोहेमियाचा सुधारक. त्याला कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने १४१५ मध्ये जिवंत जाळलं होतं. आता ल्यूथरला बोलावंच लागलं. हुसची काही मतं खरी ख्रिस्ती होती आणि परिषद चुकू शकते, असं तो म्हणाला. पोप चुकू शकतो म्हणणारे आधीही होते. पण परिषदही चुकू शकते म्हटल्यावर मग उरलं काय? ल्यूथरचं उत्तर होतं, ग्रंथ.

१५२० मध्ये त्याने जर्मन सरदारांना उद्देशून पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, रोमने स्वतःभोवती तीन भिंती बांधल्या आहेत. पहिली, धर्मसत्ता राजसत्तेच्या वर. दुसरी, बायबलचा अर्थ लावायचा अधिकार पोपचा. तिसरी, परिषद बोलवायचा अधिकारही पोपचाच. म्हणजे तक्रार ज्याच्याबद्दल, न्यायाधीश तोच आणि कोर्ट भरवणाराही तोच! ल्यूथरने एकेक भिंत घेतली. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण देवासमोर सारखाच, धर्मगुरू हे काम आहे, वेगळी जात नव्हे. पेत्र हा कॅथलिकांच्या मते पहिला पोप. तो चुकला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, हे बायबलमध्येच आहे. आणि ३२५ ची नायसियाची परिषद पोपने नव्हे, सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावली होती.

कॅथलिकांचा मोठा आधार मत्तयाच्या १६ व्या अध्यायात आहे. तिथे येशू पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देतो. ल्यूथरचं म्हणणं, १८ व्या अध्यायात तोच अधिकार सगळ्या शिष्यांना दिलाय. म्हणजे किल्ल्या साऱ्या मंडळीच्या, एका खुर्चीच्या नव्हेत. त्याच सुमारास त्याने लोरेन्झो वाल्लाचं लिखाण वाचलं. पश्चिमेकडची सत्ता कॉन्स्टंटाइनने पोपला देऊन टाकली असं सांगणारा दस्तऐवज बनावट आहे, हे वाल्लाने १४४० मध्ये दाखवून दिलं होतं. त्यातली लॅटिन भाषा त्या काळची नाहीच! मला हे वाचून लॅबच आठवली. कॉपी पकडली जाते ती अशी.

पोपने जून १५२० मध्ये ६० दिवसांची मुदत देणारं फर्मान काढलं. १० डिसेंबरला ल्यूथरने ते जाळलं. ३ जानेवारी १५२१ ला तो बहिष्कृत झाला. एप्रिलमध्ये वर्म्सला साम्राज्याच्या सभेत बोलावणं आलं. सम्राट पाचवा चार्ल्स होता अवघा २१ वर्षांचा, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या वयाचा. सुरक्षित परत जाऊ देण्याची हमी होती. पण तशी हमी हुसलाही होती. टेबलावर पुस्तकं मांडलेली. विचारलं, ही तुझी का, आणि मागे घेतोस का? ल्यूथरने एक दिवस मागून घेतला. मला हे फार खरं वाटतं. सिनेमातला हिरो मुदत मागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की बायबलमधून किंवा स्पष्ट युक्तिवादाने चूक दाखवा, नाहीतर मागे घेणार नाही. पोप आणि परिषदा चुकलेल्या आहेत, आणि सद्सद्विवेकाविरुद्ध वागणं त्याला शक्य नाही.

सभेने त्याला गुन्हेगार ठरवलं. पण सॅक्सनीच्या इलेक्टरने त्याला वाटेतच गुपचूप उचलून वार्टबुर्ग किल्ल्यात लपवलं. तिथे दाढी वाढवून, नाव बदलून राहत असताना सुमारे अकरा आठवड्यांत त्याने नवा करार ग्रीकमधून जर्मनमध्ये आणला. तो सप्टेंबर १५२२ मध्ये छापला गेला, आणि पूर्ण बायबल १५३४ मध्ये. शेवटचा शब्द ग्रंथाचा म्हणायचं, तर तो ग्रंथ लोकांच्या भाषेत हवाच. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, त्यामागेही हाच विचार.

इथपर्यंत वाचून मी रूमवर नगरकराच्या बाजूने बोलायला लागलो. तेव्हा वसईकराने शांतपणे विचारलं की बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची हे कोणी ठरवलं? चर्चनेच ना? आणि प्रत्येक जण स्वतःच अर्थ लावणार असेल, तर दोघांचे अर्थ वेगळे निघाले की निवाडा कोण करणार?

प्रश्न खोटा नव्हता. खुद्द ल्यूथरला तो भोवला. १५२४-२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी बायबलचाच आधार घेऊन वेठबिगारीविरुद्ध बंड केलं. ल्यूथरने सरदारांना ते निर्दयपणे चिरडायला सांगितलं, आणि हजारो शेतकरी मारले गेले. १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा झ्विंगली समोरासमोर बसले. तोच ग्रंथ, तेच वाक्य, पण प्रभुभोजनातल्या भाकरीचा अर्थ काय यावर जमलं नाही. १५४३ मध्ये त्याने ज्यूंविरुद्ध जे विषारी पुस्तक लिहिलं, ते कोणत्याही बाजूने माफ करण्यासारखं नाही. नगरकराने हे मान खाली घालून कबूल केलं. पोप चुकू शकतो, परिषद चुकू शकते, तसा ल्यूथरही चुकू शकतो, एवढंच तो म्हणाला.

१८ फेब्रुवारी १५४६ ला ल्यूथर जन्मगावीच, आइस्लेबेनला वारला. ट्रेंटची धर्मपरिषद तेव्हा सुरू झालेली होती. तिने सांगितलं की ग्रंथ आणि परंपरा दोन्ही प्रमाण, आणि अर्थ लावणं चर्चचं काम. पण त्याच परिषदेने १५६३ मध्ये दंडमाफीतली कमाई बंद करायला सांगितली. १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठराविक अटींखाली पोपचा निर्णय अचूक ठरवला, म्हणजे मतभेद आणखी पक्का झाला. मग १९९९ मध्ये आउग्सबुर्गलाच दोन्ही बाजूंनी, माणसाला तारण कसं मिळतं यावर एकत्र निवेदन केलं. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस स्वीडनमध्ये लुंडला ल्यूथरन लोकांसोबत प्रार्थनेला बसले. अधिकाराचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

आता लॅबचा किस्सा. व्हेंच्युरीमीटरच्या प्रयोगात आमचा सी-डी १.०८ येत होता. तो १ च्या वर जायला नको, हे सगळ्यांना माहीत. सिनियरच्या जर्नलमध्ये टाकी ५० बाय ५० सेंटिमीटर लिहिलेली, आणि सगळे रीडिंग जुळवून ०.९७ लिहून मोकळे होत. मीही तेच करणार होतो. पण डोक्यात ल्यूथर होता. टेप आणून टाकी मोजली, तर ४७ भरली! वर्षानुवर्षं जर्नलवरून जर्नल उतरत आलं, टाकीकडे कोणी गेलंच नव्हतं. मी ऐटीत बॅचला सांगितलं. मग चौघांनी मोजली आणि चार वेगवेगळी मापं आली. भांडण सुरू. शेवटी सर आले, सगळ्यांसमोर टेप धरला, प्रत्येकाला आकडा बघायला लावला आणि नवं माप टाकीवर ऑइलपेंटने लिहिलं.

रात्री रूमवर हे सांगितलं. वसईकर म्हणाला की बघ, शेवटी सर लागलेच. नगरकर म्हणाला की बघ, सरांनाही टेप लागलाच.

मॅगी पुन्हा थंड झाली.