लोकमान्यांचे पथ्य

रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांची ओळख आपल्याला शाळेपासून असते. केसरी, गणेशोत्सव, राजद्रोहाचे खटले, गीतारहस्य ही त्यांच्या चरित्राची ठळक पाने. पण हा माणूस मधुमेही होता आणि त्या काळी इन्शुलिन अस्तित्वातच नव्हते, हे पान आपण सहसा भरभर उलटतो. मला मात्र अलीकडे तेच पान पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते. कारण घरचेच आहे. माझ्या थोरल्या वहिनी स्तनाच्या कर्करोगातून उठल्या, पण मधुमेहाने त्यांची पाठ सोडलेली नाही.

शरीराकडे लक्ष देण्याचा स्वभाव टिळकांचा पहिल्यापासूनचा. दहाव्या वर्षी ते वडिलांबरोबर रत्नागिरी सोडून पुण्याला गेले. लवकरच आई गेली, पुढे वडीलही गेले. डेक्कन कॉलेजात गेल्यावर आपली प्रकृती अशक्त आहे हे ओळखून त्यांनी पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा तालमीला अधिक दिले. त्या वर्षाची कमाई त्यांना जन्मभर पुरली.

१९०८ साली राजद्रोहाच्या दुसऱ्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. वय बावन्न आणि अंगात मधुमेह. प्रकृतीमुळे सक्तमजुरी टळून साधी कैद झाली, पण ती भोगायची होती घरापासून शेकडो कोस दूर, ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात. लाकडी गजांची खोली, उन्हाळ्यात भट्टीसारखी हवा आणि मधुमेहावर हुकमी औषध नाही. हाती उरले होते फक्त पथ्य. टिळकांनी ते पाळले. रोजच्या भात-पोळीला रजा देऊन ते सातूच्या पिठावर राहू लागले. कोकणात जन्मलेल्या माणसाने भात सोडणे ही लहान गोष्ट नव्हे. याच कैदेत, १९१०-११च्या हिवाळ्यात, त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले.

पण हे पथ्य एकट्या टिळकांचे नव्हते. त्यांच्यासाठी रांधायला तुरुंगात वासुदेव रामराव कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी होता. पाळणारे टिळक, तर रोज चूल पेटवून ते पथ्य ताटात वाढणारा हा स्वयंपाकी. मधुमेहाचे खरे मर्म मला इथेच सापडते. हा आजार एकाच्या अंगात असतो, पण त्याचा सांभाळ स्वयंपाकघरात होतो.

टिळक मंडालेत असतानाच, १९१२ साली, पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. त्या दापोलीजवळच्या लाडघरच्या. पतीच्या कैदेत घर सांभाळणाऱ्या या बाईंच्या ताटात काय पडत होते, याविषयी चरित्रे फारसे बोलत नाहीत. घरातल्या बाईच्या जेवणाकडे आपण आजही कितीसे पाहतो?

१९१४ साली सुटून आल्यावर टिळकांनी होमरूलची चळवळ उभी केली, विलायतेची वारी केली. मुंबईच्या सरदारगृहात १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी टोरांटोत इन्शुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले. आज औषधे आहेत, तपासण्या आहेत. उणीव असते ती मंडालेच्या त्या स्वयंपाक्याची.

कर्करोगातून बरी झालेली बाई मुंबईहून उपचार घेऊन घरी येते आणि आठ-पंधरा दिवसांत पदर खोचून पुन्हा चुलीपुढे उभी राहते. सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर ती उरलासुरला भात संपवते. कर्करोगापुढे साखर ती काय, असे घरालाही वाटते आणि तिलाही. पण हे दोन आजार एकमेकांना सोडून चालत नाहीत. केमोथेरपीबरोबर बहुधा स्टेरॉइड देतात. त्या दिवसांत साखर चढते. मळमळीने जेवण गेले नाही आणि मधुमेहाची गोळी मात्र नेहमीसारखी घेतली, तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, भोवळ ही त्याची लक्षणे. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णाला लगेच साखरपाणी द्यावे. कोणत्या दिवशी किती औषध घ्यायचे हे आधीच विचारून ठेवावे आणि दोन्ही डॉक्टरांना एकच फाइल दाखवावी.

काही केमोमुळे तळपाय बधिर होतात, मधुमेहही तेच करतो. मग जांभ्या दगडाच्या अंगणात अनवाणी फिरताना झालेली जखम कळतच नाही. म्हणून पायात चप्पल हवी आणि रात्री तळवे पाहायला हवेत. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हातही जपावा लागतो. साखर तपासायला सुई टोचायची ती दुसऱ्या हाताच्या बोटाला.

राहता राहिले जेवण. त्यासाठी परक्या मुलखातले काही नको. कुळथाचे पिठले, नाचणीची भाकरी, पालेभाजी, मासळी आणि मोजका भात हे आपलेच अन्न आहे. वैशाखात आंब्याच्या फोडी मोजून खायच्या असतील, तर त्या घरात सगळ्यांनीच मोजाव्यात. एकीने पथ्य करायचे आणि इतरांनी तिच्यासमोर आमरसाच्या वाट्या रिकाम्या करायच्या, हे टिकणारे नव्हे. आमच्याकडे आता सकाळची भाकरी माझा पुतण्या थापतो. ती अजून गोल होत नाही, पण वहिनींना बसून गरम खायला मिळते.

टिळकांचे धैर्य आपल्या अंगी येईल न येईल. पण परमुलखातल्या तुरुंगात एका कैद्याने त्यांच्यासाठी जे केले, तेवढे आपल्याच घरातल्या बाईसाठी करणे अवघड नसावे.