फ्लॉरेन्स नाइटिंगेल : सेवा आणि तिचा हिशेब



आपल्या कितीतरी घरांतील मुली परिचारिका आहेत. दरवर्षी १२ मे रोजी जगभर परिचारिका दिन साजरा होतो, तो फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस म्हणून. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी बाई, एवढीच तिची ओळख शाळेच्या पुस्तकाने आपल्याला करून दिली. ते चित्र खरे आहे. पण दिवा घेऊन फिरण्याचे तिचे दिवस दोन वर्षांहूनही कमी होते. त्यानंतरची अनेक वर्षे तिने जे केले, त्याची माहिती फार थोड्यांना असते. ते काम होते आपल्या सेवेचा हिशेब तपासण्याचे. आज त्याचीच ओळख करून घेऊया.

फ्लॉरेन्सचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. गावाचेच नाव मुलीला मिळाले. इंग्रज आईवडील श्रीमंत होते. वडिलांनी तिला घरीच ग्रीक, लॅटिन, तत्त्वज्ञान व इतिहास शिकवला. गणिताची तिला फार आवड होती. ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, देव आपल्याला आपल्या सेवेसाठी बोलावत आहे असा अनुभव तिला आला. ही सेवा कोणती, हे मात्र समजायला अनेक वर्षे लागली. रुग्णसेवा करते असे तिने घरी सांगितले तेव्हा घरात वादळच उठले. त्या काळी इंग्लंडमधील इस्पितळे घाणेरडी असत आणि तेथे काम करणाऱ्या बायका दारूबाज व अशिक्षित समजल्या जात. चांगल्या घरच्या मुलीने तेथे पाऊल ठेवावे, ही कल्पनाच आईला सहन होईना.

१८४७-४८ चा हिवाळा तिने रोममध्ये घालवला. त्रिनिता देई मोंती येथील कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांच्या सहवासात तिने काही दिवस एकांत-साधना केली. पुढे १८५२ च्या सुमारास कॅथलिक होण्याचा विचारही तिच्या मनात आला. ज्यांच्याशी तिने तो बोलून दाखवला ते फादर मॅनिंग, पुढे कार्डिनल झालेले, यांनी तिला घाई करू दिली नाही. ती शेवटपर्यंत अँग्लिकनच राहिली. १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे प्रॉटेस्टंट सेविकांच्या संस्थेत तिने तीन महिने शिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची ती प्रमुख झाली. तेथे सर्व पंथांच्या व धर्मांच्या बायकांना प्रवेश मिळाला पाहिजे, ही अट तिने व्यवस्थापनाकडून मान्य करून घेतली.

१८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. ब्रिटिश सैनिकांच्या हालअपेष्टांच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या. मंत्री सिडनी हर्बर्ट हे तिचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिका घेऊन ती निघाली आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचली. या ३८ जणींमध्ये दहा कॅथलिक सिस्टर होत्या. त्यांतील पाच लंडनच्या बर्माँडसी मठातील सिस्टर्स ऑफ मर्सी. त्यांच्या प्रमुख मदर मेरी क्लेअर मूर या फ्लॉरेन्सचा उजवा हात ठरल्या. कारभार चालवण्यात मदर आपल्यापेक्षा सरस आहेत, असे फ्लॉरेन्स मोकळेपणाने मानत असे. पुढे आयुष्यभर दोघींची मैत्री टिकली. मदर तिला कॅथलिक संतांची पुस्तके वाचायला पाठवत. सगळेच काही गोडीगुलाबीने चालले असे मात्र नाही. त्याच डिसेंबरमध्ये मदर ब्रिजमन यांच्या नेतृत्वाखाली आयर्लंडहून सिस्टरांची दुसरी तुकडी आली. तिच्याशी फ्लॉरेन्सचे जमले नाही. अधिकार कोणाचा यावरून खटके उडत राहिले. मोठ्या माणसांच्या आयुष्यातही असे प्रसंग असतातच.

स्कुटारीच्या बराकीतील इस्पितळात जखमी सैनिक जमिनीवर पडलेले होते. चादरी नाहीत, साबण नाही, धड अन्न नाही. फ्लॉरेन्सने स्वयंपाकघर लावले, कपडे धुण्याची सोय केली, स्वतःजवळचा व देणगीतून आलेला पैसा ओतला. रात्री दिवा घेऊन ती फिरे. सैनिक तिला देवदूत मानू लागले, इंग्लंडमध्ये तिच्यावर गाणी रचली गेली. पण माणसे मरतच होती. १८५५ च्या जानेवारीत सैन्यातील २,७६१ जण टाळता येण्याजोग्या संसर्गजन्य रोगांनी दगावले. जखमांनी मेलेले फक्त ८३ होते! फेब्रुवारीत स्कुटारीत दाखल झालेल्या दर शंभरांपैकी सुमारे ४२ जणांचा मृत्यू झाला.

मार्च महिन्यात सरकारने पाठवलेले आरोग्य-मंडळ तेथे पोहोचले. डॉ. सदरलँड व इंजिनियर रॉलिन्सन हे त्यातले प्रमुख. त्यांना आढळले की, इस्पितळाची इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी आहे. पिण्याच्या पाण्याच्या वाटेत एक घोडा मरून पडला होता. त्यांनी गटारे उपसली, पाण्याची वाट साफ केली, भिंतींना चुना लावला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आले.

ऑगस्ट १८५६ मध्ये फ्लॉरेन्स घरी परतली. तिच्या सत्काराची जंगी तयारी चालली होती. तो चुकवून ती गुपचूप घरी गेली. देश तिला पूजत होता. तिने स्वस्थ बसून आपली कीर्ती उपभोगली असती, तर कोणी बोट ठेवले नसते. पण तिच्या मनाला एक प्रश्न टोचत होता : इतकी माणसे का मेली?

या शोधात तिला डॉ. विल्यम फार यांची साथ मिळाली. इंग्लंडमधील जन्ममृत्यूच्या नोंदींची आकडेवारी ते सांभाळत. युद्धकाळात फ्लॉरेन्सच्या पत्रांत भर होता तो अपुऱ्या अन्नावर, कपड्यांवर आणि अधिकाऱ्यांच्या बेपर्वाईवर. आता दोघांनी मिळून आकडे मांडले, तेव्हा कटू सत्य समोर आले. त्या हिवाळ्यात मृत्यूचे प्रमाण सर्वांत भयंकर होते ते स्कुटारीतच. रणांगणाजवळच्या साध्या तंबूंतील इस्पितळांत त्यापेक्षा कमी माणसे मरत होती. म्हणजे जेथे तिने दिवसरात्र सेवा केली, तेच ठिकाण सैनिकांसाठी सर्वांत घातक होते. प्रेमात काही कमी नव्हते, पण गटार तुंबलेले होते.

बंधु-भगिनींनो, येथे क्षणभर थांबूया. आपण अशा वेळी काय केले असते? फ्लॉरेन्सने ते आकडे लपवले नाहीत. १८५८ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यावर तिने शेकडो पानांचा अहवाल लिहिला आणि त्यात स्कुटारीचा हिशेब मांडला. मंत्र्यांना आकड्यांचे तक्ते वाचायला वेळ नसतो, हे ती ओळखून होती. म्हणून तिने रंगीत वर्तुळाकार आकृत्या काढल्या. प्रत्येक महिन्यासाठी एक पाकळी : निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळा रंग किती पसरला आहे, हे पाहणाऱ्याला एका नजरेत कळे. शांततेच्या काळातही इंग्लंडमधील बराकींत राहणारे तरुण सैनिक त्याच वयाच्या इतर नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हेही तिने दाखवून दिले. त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी सोसायटीने तिला सभासद करून घेतले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

तिची स्वतःची प्रकृती मात्र ढासळली होती. १८५७ नंतरची बरीच वर्षे ती आपल्या खोलीतून क्वचितच बाहेर पडली. अंथरुणातूनच तिने पुस्तके लिहिली, हजारो पत्रे धाडली, मंत्र्यांना बोलावून घेतले. जनतेने तिच्या गौरवार्थ निधी जमवला होता. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. रुग्णसेवा हा शिकून करण्याचा, मानाचा पेशा आहे, हे जगाला तेथून पटू लागले. प्रत्येक इस्पितळाने आजार, उपचार व मृत्यू यांची नोंद एकाच पद्धतीने ठेवावी, म्हणजे तुलना करता येईल, असा आराखडाही त्याच वर्षी तिने लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे ठेवला.

तिच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात सुईणींना शिकवण्यासाठी बाळंतिणींचा एक वॉर्ड चालू केला होता. तेथे बाळंतज्वराने मृत्यू होऊ लागले. १८६७ मध्ये तो वॉर्ड बंद करण्यात आला. फ्लॉरेन्सने मग ठिकठिकाणचे आकडे गोळा केले. १८७१ च्या पुस्तकात तिने दाखवून दिले की, घरी, अगदी गरिबाच्या घरीही, बाळंत होणाऱ्या बायकांपेक्षा प्रसूतिगृहांत जाणाऱ्या बायका अधिक मरतात. पुन्हा एकदा तिचे आकडे तिच्याच कामाकडे बोट दाखवत होते, आणि पुन्हा तिने ते छापले. हे पुस्तक तिने सॉक्रेटिसच्या आईला अर्पण केले, कारण ती माउली सुईण होती. सॉक्रेटिस स्वतःला विचारांची सुईण म्हणवून घेई. आपल्याला जे ठाऊक आहे असे वाटते ते तपासून पाहायला तो लोकांना भाग पाडी. फ्लॉरेन्सने तोच धडा इस्पितळात गिरवला.

आपल्या देशाशीही तिचे नाते आहे, जरी ती येथे कधी आली नाही. १८५९ मध्ये भारतातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला गेला. तिने प्रत्येक छावणीला प्रश्नावली धाडली : पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, किती जण आजारी पडतात? हिंदुस्थानातील ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर तेव्हा वर्षाला हजारी ६९ होता. सुधारणांनंतर तो हजारी १८ वर आल्याचे तिने १८७३ च्या निबंधात नोंदवले. सैनिकांपासून सुरू झालेले तिचे लक्ष हळूहळू येथील शेतकऱ्यांकडे, दुष्काळाकडे व गावांच्या स्वच्छतेकडे वळले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर तिचे स्नेही होते. दादाभाई नौरोजींना तिने पाठिंबा दिला आणि मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला प्रस्तावना लिहिली.

तिचे सगळेच बरोबर होते असे नाही. रोग दूषित हवेतून होतात असे ती मानत असे आणि जंतूंची कल्पना तिने बराच काळ स्वीकारली नाही. तरीही तिने सुचवलेल्या उपायांनी माणसे वाचली, कारण तिने आकड्यांचे ऐकले. कारण समजण्यात चूक झाली, तरी मोजणी प्रामाणिक असली की मार्ग सापडतो. १९०७ मध्ये तिला ऑर्डर ऑफ मेरिट हा किताब मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाची नव्वद वर्षे पूर्ण करून, ती देवाघरी गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा सन्मान कुटुंबीयांनी नम्रपणे नाकारला. ईस्ट वेलो या खेड्यातील चर्चच्या आवारात ती विसावली आहे.

तिने पेरलेले बी पुढे वाढले. आज याला पुराव्यावर आधारित परिचर्या म्हणतात. परंपरेने चालत आले म्हणून किंवा मोठ्यांनी सांगितले म्हणून एखादी रीत पाळायची नाही, रुग्णाला तिचा खरोखर उपयोग होतो का हे संशोधनातून पाहायचे, असा त्याचा अर्थ. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये या विषयाला वाहिलेले त्रैमासिकच सुरू झाले. २००२ मध्ये अमेरिकेतील लिंडा एकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ इस्पितळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नर्सवर एक रुग्ण जास्त टाकला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या महिन्याभरात दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसून आले. हजारो संशोधकांनी या निबंधाचा आधार घेतला आहे. कोणत्या निबंधाचा उल्लेख किती जणांनी केला, याची मोजदाद विद्वानांच्या जगात आता काटेकोरपणे होते. तिचाही उपयोग आहे. पण एखाद्या निबंधाची खरी किंमत खाटेवरच्या रुग्णाजवळच कळते. वेल्समध्ये २०१६ मध्ये वॉर्डांत पुरेशा नर्सेस ठेवण्याबद्दल कायदा झाला. असे संशोधन कायद्यापर्यंत पोहोचते, तेव्हा ते कागदावरून उठून माणसाजवळ येते.

भल्या शोमरोन्याचा दाखला आपण सर्व जाणतो. त्याने जखमा बांधल्या, खाणावळीत नेले, पैसे दिले. पण एक गोष्ट आपल्या लक्षातून निसटते : परत येईन, असेही त्याने खाणावळवाल्याला सांगितले. आपल्या मदतीचे पुढे काय झाले हे पाहायला तो येणार होता. आपण धर्मग्रामात गरिबांना मदत करतो, आजाऱ्यांना भेटतो, आरोग्य शिबिरे भरवतो, फोटो काढतो आणि समाधानाने घरी जातो. शिबिरात ज्याची साखर वाढलेली निघाली, तो पुढे डॉक्टरकडे गेला का? औषध मिळाले का? हे आपण विचारतो का? आपल्या चांगुलपणाचा हिशेब घ्यायला धैर्य लागते, कारण उत्तर कधी कधी आपल्या विरुद्ध येते.

आणि पुढच्या वेळी इस्पितळात आपल्या माणसाच्या उशाशी बसाल, तेव्हा नर्स दर थोड्या वेळाने ताप, नाडी, रक्तदाब तपासून कागदावर लिहिताना दिसेल. पेशंटकडे बघायचे सोडून ही लिहीत काय बसते, असे म्हणून तिच्यावर चिडू नका. त्या कागदावरील आकडेही सेवेचाच भाग आहेत.

आपल्या धर्मग्रामातील सर्व परिचारिकांना प्रभू आरोग्य व बळ देवो.

– आपले फादर