शोक न लपवणारे तुकोबा

मिटलेले डोळे, हातात वीणा, कपाळी गंध आणि चेहऱ्यावर अखंड समाधान. मराठी घरांतील तसबिरींमध्ये तुकोबा असेच भेटतात. बिलोलीच्या शेजारी, देगलूरला गुंडा महाराजांची वारकरी परंपरा आहे. त्या बाजूच्या गावागावांतील सप्ताहांत निरूपणासाठी तुकोबांचा अभंग घेतला की ऐकणाऱ्यांच्या मनासमोर हीच शांत मूर्ती उभी राहते. ती खोटी नाही. मात्र या शांततेपूर्वीची अनेक वर्षे तसबिरीच्या चौकटीबाहेर राहिली आहेत. शोक, लाज, चीड आणि स्वतःविषयीचा तिटकारा यांनी ती भरलेली होती. मन सुखी राहावे म्हणून दुःखद भावना झटकून टाकाव्यात, असा सल्ला हल्ली पदोपदी मिळतो. तुकोबांनी नेमके उलट केले.

देहूच्या मोरे घराण्यात १६०८ साली त्यांचा जन्म झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. घर खाऊनपिऊन सुखी होते. शेती होती, वाण्याचा व्यापार होता, महाजनकी होती आणि पूर्वज विश्वंभरबोवांपासून चालत आलेली विठ्ठलाची पूजाअर्चा होती. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे असल्याने प्रपंचाचा भार मधल्या तुकारामांवर लवकरच पडला. पुढे वडील बोल्होबा आणि आई कनकाई गेली. भावजय वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. विशी ओलांडण्याआधीच या तरुणाच्या घराचे खांब असे एकामागून एक निखळले.

त्यानंतर १६३० चा दुष्काळ आला. तो एकट्या मावळचा नव्हता. शहाजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने बालाघाटात पाऊस न पडल्याचे आणि दौलताबादेच्या आसपास अवर्षणाचा कहर झाल्याचे नमूद केले आहे. हाडांची भुकटी मिसळलेले पीठ बाजारात विकले जात होते, इथपर्यंत त्याची नोंद जाते. त्यातच दख्खनमध्ये मोगलांच्या फौजा फिरत होत्या. १६३१ मध्ये आजच्या नांदेड जिल्ह्यातील कंधारचा किल्ला त्यांनी घेतला. बिलोलीतील सरफराजखानाची दगडी मशीद याच शहाजहानी अमलाची खूण आहे. इकडे देहूपासून जवळ असलेले पुणे आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. उपासमार आणि लढाई यांच्या कचाट्यात सापडलेल्या मुलखातील एका गावचा हा वाणी होता.

त्याचे दिवाळे निघाले. दम्याने खंगलेली पहिली पत्नी रखमाबाई अन्नासाठी तळमळत मरण पावली. पाठोपाठ मुलगा संतूही गेला. धान्याचा व्यापार करणाऱ्याच्या घरात माणसे उपाशी मरावीत, यातील लाज आजच्या वाचकालाही जाणवावी. तुकोबांनी ही लाज दडवली नाही. आपल्या आत्मचरित्रपर अभंगात त्यांनी मानहानी, बुडालेला व्यवहार आणि बायकोचा मृत्यू या गोष्टी फारसे अलंकार न वापरता सांगून टाकल्या आहेत. चारचौघांत प्रतिष्ठा असलेल्या घरातील पुरुषाने आपली नामुष्की अशी स्वतःच्या तोंडाने सांगावी, हे त्या काळीही सोपे नसणार.

सावरायला त्यांना वेळ लागला. ते भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत तिथे पोहोचला. परंपरा सांगते की दोघे इंद्रायणीकाठी आले, कर्जखतांची निम्मी वाटणी कान्होबांना देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खते नदीत सोडली आणि पडक्या देवळाची दुरुस्ती हाती घेतली. भंडाऱ्याच्या डोंगरावरचा एकांत आणि पूर्वीच्या संतांच्या वचनांचे पाठांतर चालू झाले. काव्य यानंतरचे.

आज छापील गाथ्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. त्यांतील आनंदाचे अभंग आपल्याला पाठ असतात. पण गाथा सलग वाचायला घेतली की किती पाने तळमळीची आहेत, हे पाहून वाचक चकित होतो. कुठे देवावर राग आहे, त्याच्या अस्तित्वाविषयीच शंका आहे. कुठे आपल्या भक्तीत ढोंग तर नाही ना, ही बोचणी आहे. काही ठिकाणी तर जगण्याचाच वीट आलेला आहे. ज्या भावना सज्जनाने मनातही आणू नयेत असे आपण समजतो, त्या या माणसाने देवापुढे मांडल्या आणि त्याच्याकडे जाब मागितला.

असे मांडल्याने काय होते? १९८६ मध्ये जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बील यांच्यासह महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांतील काहींना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला सांगितले. लिहून झाल्यावर ते अधिक खिन्न दिसले. घटनेसोबत तिच्याविषयीच्या भावनाही ज्यांनी लिहिल्या, त्यांना मात्र पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याची वाट कमी वेळा धरावी लागली. एका प्रयोगावरून संतचरित्र उलगडत नाही, हे खरे. तरीही आधी मन जड होते आणि हलकेपणा मागाहून येतो, हा क्रम गाथा वाचताना ओळखीचा वाटतो.

इथे एक आक्षेप येईल. दिवाळे, दुष्काळ, पत्नीचा मृत्यू या साऱ्यांबद्दल देवाचे आभार मानणारा अभंगही तुकोबांचाच आहे आणि कीर्तनांत तो आवडीने सांगितला जातो. त्यावरून तुकोबांना दुःख झालेच नाही, त्यांनी ते तत्काळ वरदान मानले, असा निष्कर्ष काढणे मला अन्यायाचे वाटते. तो अभंग लाजेच्या आणि तळमळीच्या अभंगांशेजारी ठेवून वाचायला हवा. दुःखाच्या पलीकडे पोहोचलेल्या माणसाने मागे वळून काढलेले ते उद्गार आहेत आणि ते उच्चारण्याचा हक्क त्याने भोगून मिळवला होता. नुकतेच कुणी गमावलेल्या शेजाऱ्याला तोच अभंग ऐकवून डोळे पुसायला सांगणे ही निव्वळ निष्ठुरता होय.

रागाविषयी बोलायचे तर जिजाईंना विसरता येणार नाही. तुकोबांच्या या दुसऱ्या पत्नीला कथेकऱ्यांनी कजाग ठरवून पिढ्यान्‌पिढ्या हशा मिळवला. पण पोरे भुकेली आहेत आणि नवरा डोंगरावर आहे, अशा बाईने करायचे तरी काय? घरात चूल पेटावी म्हणून कुणाला तरी चिडावेच लागत होते. तुकोबांचा देवावरचा राग भक्ती ठरतो आणि जिजाईंचा विठ्ठलावरचा राग मात्र चेष्टेचा विषय होतो, हा न्याय काही पटत नाही.

पुढे वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या आक्षेपानंतर अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा नदीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून पडून राहिले. वह्या पाण्यातून कोरड्या वर आल्या, ही कथा सर्वांना ठाऊक असते. पण त्या तेरा दिवसांत त्यांनी देवाला धारेवर धरले होते. तेरा दिवसांचा तो रुसवा कथेच्या चमत्काराइतकाच मोलाचा आहे.

या वाणीची एक वाचक मराठवाड्यातली होती. वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या बहिणाबाईंनी कोल्हापुरात लाडके वासरू गमावले आणि त्या शोकाने भान हरपून पडल्या. कीर्तनांतून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी आलेले होतेच. त्या अवस्थेत तुकोबांनी स्वप्नात दर्शन देऊन उपदेश केला, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. वासरासाठी रडणाऱ्या, नवऱ्याचा मार खाणाऱ्या त्या मुलीला गुरू म्हणून हाच कवी आठवावा, यात नवल नाही. पुढे त्यांनीही आपली हालअपेष्टा अभंगांतच सांगितली.

१६५० च्या फाल्गुनात तुकोबा गेले. वारकरी त्या दिवसाला बीज म्हणतात आणि वैकुंठगमनाचा सोहळा साजरा करतात. जिजाई तेव्हा गरोदर होत्या. नारायणाचा जन्म नंतर झाला. कान्होबा मात्र सोहळ्याच्या मनःस्थितीत नव्हते. ज्या भावाला त्यांनी एकदा डोंगरावरून शोधून आणले होते, तो आता कायमचा हरवला होता. त्यांचे त्या वेळचे अभंग गाथ्याला जोडून छापले जातात. भाऊ परत दे, म्हणून ते विठ्ठलाशी भांडतात, त्याला नाही नाही ते बोलतात आणि रडतात. देवाशी असे भांडता येते, हे त्यांनी घरातच पाहिले होते.