संत फ्रान्सिस द साल

फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली ह्या तीन देशांच्या सीमा जेथे एकमेकींजवळ येतात, तेथे आल्प्स पर्वताच्या कुशीत पूर्वी सावॉय नावाचे एक राज्य होते. ह्या राज्यातील एका गढीत २१ ऑगस्ट १५६७ रोजी फ्रान्सिसचा जन्म झाला. घराणे सरदाराचे होते. मुलाने मोठा कायदेपंडित व्हावे आणि दरबारी मान मिळवावा, अशी वडिलांची इच्छा होती.

तो काळ मोठ्या धर्मकलहाचा होता. ख्रिस्ती लोकांत कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट असे पंथ पडले होते, आणि एकाच प्रभूला भजणारे लोक एकमेकांच्या जिवावर उठले होते. साल घराणे कॅथॉलिक. जवळचे जिनीव्हा शहर मात्र काल्विनच्या प्रॉटेस्टंट अनुयायांचे. फ्रान्सिस लहान असताना एकदा काल्विनच्या पंथाचा एक पाहुणा गढीत आला. पाहुण्यांच्या दालनात लहान मुलांना मज्जाव होता. तेव्हा ह्या चिमुकल्या वीराने काठी उचलली, खुराड्याकडे धाव घेतली आणि पाखंडी समजून कोंबड्यांवरच हल्ला चढवला, अशी गोष्ट त्याच्या चरित्रात सांगतात. गोष्ट हसण्यासारखी आहे खरी. पण ज्याची सौम्यता पुढे साऱ्या युरोपात वाखाणली गेली, तो काही जन्मतःच शांत नव्हता, एवढे तिच्यावरून कळते.

विद्याभ्यासासाठी फ्रान्सिस पॅरिसला गेला आणि नंतर इटलीतील पाडुआ येथे कायदा शिकला. घोड्यावर बसणे, तलवार चालवणे ह्या सरदारपुत्राला शोभणाऱ्या विद्याही त्याने हस्तगत केल्या होत्या. पाडुआत काही उनाड विद्यार्थी रात्री त्याच्या वाटेवर दबा धरून बसले. तेव्हा त्याने तलवार उपसून त्यांना पिटाळून लावले, असे म्हणतात. म्हणजे त्याची सौम्यता ही दुबळ्याची सौम्यता नव्हती. कायद्याची सर्वोच्च पदवी घेऊन तो घरी परतला. वडिलांनी त्याच्यासाठी वधूही पाहून ठेवली होती. पण फ्रान्सिसने धर्मगुरू होण्याचा निश्चय केला होता, आणि १५९३ साली त्याला ती दीक्षा मिळाली.

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याची फळे सांगितली आहेत. प्रीती, आनंद, शांती अशी ही मालिका सौम्यता आणि इंद्रियदमन ह्या गुणांनी संपते. पौलाने फळ हा शब्द योजला आहे. फळ एका रात्रीत पिकत नाही, हे फ्रान्सिस यांनी अचूक ओळखले होते. आपला स्वभाव तापट आहे हे ते जाणत होते, आणि रागाशी त्यांचे झुंज वर्षानुवर्षे चालले होते.

ह्या गुणांची कसोटी लवकरच लागली. जिनीव्हा सरोवराच्या दक्षिणेस शाब्ले नावाचा प्रांत आहे. तेथील बहुतेक लोक प्रॉटेस्टंट झाले होते. १५९४ साली फ्रान्सिस आपल्या एका चुलतभावाला बरोबर घेऊन तेथे गेले. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते. ते रात्री आलँजच्या किल्ल्यात राहत आणि दिवसा पायी तोनों गावी जात. गावकऱ्यांना त्यांचे प्रवचन ऐकण्याची मनाई होती. दारे बंद होत. हिवाळ्यात एका रात्री लांडग्यांच्या भीतीने त्यांना झाडावर चढून, फांदीला स्वतःला बांधून घेऊन काढावी लागली, असे सांगतात. त्यांच्या जिवावर टपलेली माणसेही होती. किल्लेदार बरोबर शिपाई देण्यास तयार होता, पण फ्रान्सिस निःशस्त्रच हिंडत. लोक ऐकायला येत नाहीत, तर आपले म्हणणे आपणच त्यांच्याकडे पोचवावे, असे ठरवून ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहू लागले. त्यांच्या अनेक प्रती होत आणि त्या दारांखालून घरांत सरकवल्या जात. दार आपटणाऱ्याच्या दारात पुनःपुन्हा चिठ्ठी ठेवणे, आणि तीही शिवीगाळ न करता लिहिलेली, हे काम वाटते तितके सोपे नाही.

चार वर्षांत त्या प्रांतातील बहुसंख्य लोक कॅथॉलिक पंथात परत आले. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हे केवळ सौम्य शब्दांनी घडले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. सावॉयच्या ड्यूकची सत्ता आणि तिचा धाक ह्यांचाही त्यात वाटा होता, आणि फ्रान्सिस यांनीही ते साहाय्य नाकारले नाही. त्या काळात राजाचा धर्म आणि प्रजेचा धर्म वेगळा असावा ही कल्पनाच फारशी रुजलेली नव्हती. मात्र त्यांची स्वतःची वाणी विरोधकांशीही मृदूच राहिली.

१६०२ साली ते जिनीव्हाचे बिशप झाले. पण ते शहर प्रॉटेस्टंटांचे असल्यामुळे त्यांना आनसी ह्या गावी राहावे लागे. बिशप झाल्यावरही अपमान चुकले नाहीत. एकदा एक गृहस्थ त्यांच्यापुढे बराच वेळ वाटेल ते बोलला. फ्रान्सिस एक शब्दही बोलले नाहीत. जवळच्या माणसांनी कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, गेली वीस-बावीस वर्षे आपण थेंबथेंब करून जी थोडी सौम्यता साठवली आहे, ती पाव घटकेत सांडून टाकण्याची आपल्याला भीती वाटली. ही हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदली आहे.

पण स्वतःचा राग गिळणे वेगळे आणि दुसऱ्याला क्षमा शिकवणे वेगळे. १६०४ साली दिजाँ येथे त्यांची जान द शांताल ह्या विधवा सरदारपत्नीशी भेट झाली. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा शिकारीला गेला असता बरोबरच्याच एका माणसाच्या हातून चुकून गोळी सुटली आणि काही दिवसांनी त्याचा अंत झाला. पदरी चार लेकरे होती. मरताना नवऱ्याने त्या माणसाला क्षमा केली होती. पण जानला त्याचे तोंड पाहवत नव्हते. फ्रान्सिस यांनी तिला बळजबरी केली नाही. आपण होऊन त्याच्या भेटीला जाण्याची गरज नाही; पण तो समोर आलाच, तर मन कितीही तडफडले तरी त्याला सौम्यपणे भेटावे, एवढेच त्यांनी लिहून कळवले. पुढे ती त्याला भेटली. एवढेच नव्हे, तर त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्या मुलाची धर्ममाता झाली. १६१० साली ह्या दोघांनी आनसी येथे स्त्रियांसाठी एक संन्यस्त संघ स्थापन केला.

घरसंसार, दुकान, शिपाईगिरी सांभाळणाऱ्या साध्या माणसांनी भक्ती कशी करावी, ह्यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १६०९ साली प्रसिद्ध झाले. त्यात एक उपदेश फार मोलाचा आहे. आपल्या हातून चूक झाली म्हणजे माणूस स्वतःवरच संतापतो, आणि मग झालेल्या संतापाबद्दल पुन्हा संतापतो. असे न करता स्वतःशीही सौम्य असावे, पडलो तर शांतपणे उठावे, असे त्यांनी लिहिले आहे. मार्टिन नावाच्या एका बहिऱ्या-मुक्या तरुणाला त्यांनी खुणांच्या साहाय्याने धर्मज्ञान दिले आणि आपल्या घरीच ठेवून घेतले.

२८ डिसेंबर १६२२ रोजी लिआँ शहरी त्यांचे निधन झाले. मोठमोठ्या घरांची आमंत्रणे असूनही ते मठाच्या माळ्याच्या खोपटात उतरले होते. मृत्यूनंतर त्यांच्या पित्ताशयात खडे सापडले, आणि हे गिळलेल्या रागाचेच खडे, असे लोक म्हणू लागले. आजचे डॉक्टर हे मान्य करणार नाहीत.

१६६५ साली पोपने त्यांना संत म्हणून घोषित केले, आणि शाब्लेतील त्या चिठ्ठ्यांमुळे १९२३ साली ते पत्रकारांचे पालक संत ठरले. त्यांच्या नावाने आनसीत १८३८ साली निघालेल्या संघाचे मिशनरी १८४५ साली हिंदुस्थानात आले. नागपुरातील सेंट फ्रान्सिस डी सेल्स ही जुनी शाळा ह्याच नावाची. इटलीत डॉन बॉस्को ह्या धर्मगुरूंनी अनाथ व रस्त्यावरच्या मुलांसाठी १८५९ साली संघ काढला, तेव्हा त्यालाही फ्रान्सिस द साल यांचेच नाव दिले. नऊ वर्षांचे असताना आपण शिव्या देणाऱ्या मुलांना ठोसे मारीत आहोत, असे स्वप्न ह्या डॉन बॉस्कोंना पडले होते. आणि त्याच स्वप्नात कोणीतरी त्यांचा उगारलेला हात थांबवला होता.