ताराबाई मोडक
ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ होत्या. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीवर आधारित बालशिक्षणाचे प्रयोग केले.

माँटेसरीची महागडी साधने खेड्यांना परवडणारी नव्हती. त्यावर उपाय शोधण्यासाठी १९४५ साली त्यांनी बोर्डी (आता पालघर जिल्हा) येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. शिंपले, बिया, पाने अशा परिसरातील वस्तूंपासून तेथे शैक्षणिक साधने तयार झाली. गाणी, गोष्टी, नृत्य व हस्तकला हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. जी मुले बालवाडीत येऊ शकत नसत, त्यांच्या वस्तीतील अंगणातच वर्ग भरू लागले. त्यातून ‘अंगणवाडी’ची कल्पना आकाराला आली. १९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे, वारली मुलांमध्ये नेण्यात आले.

भारत सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण पुरस्कार दिला. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रे अंगणवाडी याच नावाने देशभर ओळखली जातात.