९६०० बॉड म्हणजे काय? एका तारवाल्याची गोष्ट



आर्डुइनो उनोवर पहिला प्रोग्राम लिहिताना आपण सगळेच सिरियल सुरू करतो आणि कंसात ९६०० टाकतो. सिरियल मॉनिटरच्या कोपऱ्यातही तोच आकडा दिसतो आणि त्याच्यापुढे लिहिलेलं असतं 'बॉड'. हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आलाय. त्याचं नाव एमिल बोदो. आज त्याची गोष्ट सांगतो, कारण ती कळली की बोर्डावरच्या टीएक्स, आरएक्स, एसडीए, एससीके या पिना वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

शेतकऱ्याचा पोरगा, तारखात्यात नोकरी

बोदोचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ चा, फ्रान्समधल्या मान्यो नावाच्या खेड्यातला. वडील शेतकरी. शिक्षण फक्त प्राथमिक शाळेपर्यंत. इंजिनिअरिंग कॉलेज वगैरे काही नाही. १८६९ मध्ये तो तारखात्यात साध्या नोकरीवर लागला. तिथे मोर्सचं काम शिकला आणि मग ह्यूज यांच्या छापणाऱ्या तारयंत्राचं शिक्षण मिळालं. मध्येच फ्रान्स-प्रशिया युद्ध झालं, त्यातही तो थोडा काळ होता. तब्येत मात्र नोकरी लागल्यापासूनच कुरकुरायची आणि ती आयुष्यभर तशीच राहिली.

पॅरिसला परतल्यावर त्याने एका अडचणीवर काम सुरू केलं. मैलोन्‌मैल तार ओढायला प्रचंड खर्च यायचा, पण त्या तारेवरून एका वेळी एकच माणूस बोलायचा. त्यातही त्याचा हात दोन अक्षरांच्या मध्ये थांबला की तेवढा वेळ तार रिकामीच. खात्याने बोदोला प्रोत्साहन दिलं, पण काम स्वतःच्या वेळात करायचं होतं, म्हणजे ड्युटी संपल्यावर.

पाच खुणा, पाच बटणं

मोर्समध्ये प्रत्येक अक्षराची लांबी वेगळी असते. इंग्रजी ई म्हणजे एकच टिंब, तर क्यू साठी चार खुणा. बोदोने ठरवलं की प्रत्येक अक्षराला बरोबर पाचच खुणा द्यायच्या, प्रत्येक खूण 'आहे' किंवा 'नाही'. पाच जागा म्हणजे ३२ जोड्या. एवढ्यात अक्षरं बसली, आणि आकड्यांसाठी वेगळी खूण देऊन त्याच जोड्या पुन्हा वापरल्या. १८७४ मध्ये त्याने पेटंट घेतलं.

सगळ्या कल्पना एकट्या त्याच्या नव्हत्या. पाच खुणांचा विचार गाउस आणि वेबर यांनी आधीच केला होता, फिरणारा वाटप करणारा भाग मायर यांचा, छपाई ह्यूज यांची. खात्यातल्याच मिमो नावाच्या माणसाने तर 'आधी मी' म्हणून दावा लावला. पण या सगळ्यांना जोडून रोज चालेल असं यंत्र उभं केलं ते बोदोने. १८७७ मध्ये ते पॅरिस-बोर्दो तारेवर चाललं आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं.

यंत्राला पियानोसारखी पाच बटणं होती, दोन डाव्या हाताला, तीन उजव्या. दोन्ही टोकांना एक-एक चकती एकाच गतीने फिरायची. चकती पहिल्या ऑपरेटरला क्षणभर तार द्यायची, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. आपली पाळी आली की यंत्र टकटक आवाज करायचं आणि नेमक्या त्याच ठेक्यावर बटणं दाबायची. ठेका चुकला की अक्षर बिघडलं. वेग साधारण मिनिटाला ३० शब्द, पण एकाच तारेवर चार-चार माणसं!

आता आपल्या पिनांकडे या

बोदोचा खरा प्रश्न विजेचा नव्हता, वेळ जुळवण्याचा होता. आपल्या बोर्डावरही तेच आहे.

उनोवर ० नंबरची पिन आरएक्स, म्हणजे ऐकणारी. १ नंबरची टीएक्स, म्हणजे बोलणारी. म्हणून एकाची टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जोडायची, आणि दोघांचं ग्राउंड एक करायचं. ग्राउंड शब्दही तारेच्या काळाचाच. तेव्हा परतीची वायर वाचवायला खरोखर जमीन वापरायचे.

इथे चकती नाही. आधीच ठरलेला वेग म्हणजेच बॉड. ९६०० बॉडला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. आधी एक स्टार्ट बिट, मग आठ बिट मजकुराचे, शेवटी एक स्टॉप बिट, असे एका बाइटला दहा. 'मुरबे' हे माझ्या गावाचं नाव यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट घेतं, म्हणजे १५० बिट, म्हणजे जेमतेम १६ मिलिसेकंद.

आयटूसी आणि एसपीआय या पद्धतींत घड्याळाची वायरच वेगळी असते, त्यामुळे बॉड ठरवावा लागत नाही. उनोवर आयटूसीची माहितीची पिन, एसडीए, ए४ वर आहे आणि घड्याळाची ए५ वर. प्रत्येक उपकरणाला पत्ता असतो, म्हणून दोनच वायरींवर अनेकजण राहतात. एसपीआयमध्ये ११ वरून पाठवायचं, १२ वरून घ्यायचं, १३ वर घड्याळ, आणि कुणाशी बोलायचं ते निवडायला बहुतेक वेळा १०.

समुद्रात हे कशाला?

आमच्या मुरब्यातून, समोरच्या सातपाटीतून बोटी समुद्रात जातात तेव्हा तिकडे पाटी नसते, रस्ता नसतो. जीपीएसने दिलेले दोन आकडे असतात. बोटीवरच्या उपकरणांची जुनी ठरलेली भाषा एनएमईए ०१८३, तिचा नेहमीचा वेग ४८०० बॉड. आपण हौसेने घेतो ती छोटी जीपीएस मॉड्यूल मात्र बहुधा ९६०० वर बोलतात. वेग जुळला नाही तर स्क्रीनवर गिचमिड येते, ती निदान कळते तरी. पण खराब वायरीमुळे एखादाच आकडा बदलला तर कळत नाही, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास १.८५ किलोमीटर. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी, चांदणीनंतर, तपासणीचा आकडा येतो. प्रोग्राममध्ये तो जुळवल्याशिवाय ठिकाण खरं मानू नका.

बोदो २८ मार्च १९०३ ला पॅरिसजवळच्या सो इथे वारला, वय ५७. १९२६ मध्ये तारेच्या वेगाच्या एककाला त्याचं नाव मिळालं. त्याची चकती आता संग्रहालयात आहे, आकडा मात्र आपल्या स्क्रीनवर रोज असतो.

तुमच्या बोर्डावर गिचमिड आली तर या क्रमाने बघा: ग्राउंड एक आहे का, टीएक्स-आरएक्स उलट जोडलेत का, दोन्हीकडे बॉड सारखा आहे का. आणि उनोवर प्रोग्राम टाकताना ० नंबरची वायर आधी काढा, कारण यूएसबीही तीच पिन वापरतं.