राष्ट्राध्यक्षांना हार्ट अटॅक आला आणि सायकलवाल्या डॉक्टरांनी अख्ख्या देशाची शिकवणी घेतली

सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर सुट्टीसाठी डेन्व्हरला, म्हणजे आपल्या सासुरवाडीला आले होते. २३ तारखेला त्यांनी पोटभर गोल्फ खेळला आणि मधे कच्चा कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला. दुपारपासून पोटात कसंतरी व्हायला लागलं, पण कांदा बाधला असेल म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. मध्यरात्रीनंतर मात्र छातीत कळ आली. सकाळी पत्रकारांना सांगण्यात आलं, साहेबांना अपचन झालंय.

दुपारी ईसीजी काढला, तेव्हा तो हार्ट अटॅक असल्याचं कळलं. (छातीत दुखलं की आधी गॅसची गोळी शोधायची, ही सवय काही फक्त आपल्याकडचीच नाही बघा.)

बातमी फुटली आणि सोमवारी शेअर बाजार उघडताच कोसळला. डाऊ जोन्स एका दिवसात साडेसहा टक्क्यांच्या आसपास पडला. लोक एवढे का घाबरले? कारण त्या काळात हार्ट अटॅक आला म्हणजे माणूस संपला, असाच समज होता. वाचलाच तर कित्येक आठवडे अंथरूण धरायचं, कूस बदलायलाही दुसऱ्याची मदत घ्यायची आणि पुढचं आयुष्य जिना टाळत, जड काही न उचलता काढायचं. असा माणूस देश कसा चालवणार?

अशा वेळी बॉस्टनहून एका ६९ वर्षांच्या डॉक्टरांना बोलावून घेण्यात आलं. त्यांचं नाव डॉ. पॉल डडली व्हाईट.

व्हाईट यांचा जन्म १८८६ चा. वडील डॉक्टर होते. त्यांची बहीण लहान वयात ऱ्हुमॅटिक तापानं हृदय निकामी होऊन गेली आणि त्यांचं लक्ष हृदयाकडे वळलं, असं सांगितलं जातं. हार्वर्डमधून डॉक्टर झाल्यावर ते लंडनला गेले आणि तिथं थॉमस लुईस यांच्याकडे ईसीजीचं तंत्र शिकले. तेव्हा ते इतकं नवं होतं, की ज्येष्ठांनी त्यांना एवढ्या छोट्या विषयात करिअर वाया घालवू नकोस असंच सुनावलं असतं. व्हाईट बॉस्टनला परतले, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईसीजीचं काम सुरू केलं आणि आयुष्यभर त्यातच राहिले. हृदयाचे ठोके अचानक पळायला लागतात त्या एका आजाराला आजही वुल्फ-पार्किन्सन-व्हाईट सिंड्रोम म्हणतात. त्यातले व्हाईट हेच. ईसीजीचं वेड असं, की कॅलिफोर्नियाच्या खाली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जाऊन त्यांनी देवमाशाच्या हृदयाचे ठोके नोंदवायचाही प्रयत्न केला होता.

तर हे व्हाईट डेन्व्हरला पोहोचले आणि २६ सप्टेंबरला पत्रकारांसमोर बसले. आता मोठ्या माणसाचं दुखणं म्हणजे झाकपाक आलीच. व्हाईट यांनी उलटं केलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या कशा असतात, त्यातल्या एकीत गुठळी अडकली की स्नायूचा तेवढा भाग कसा मरतो, तो जखमेसारखा भरून यायला किती दिवस लागतात, सगळं शाळेत शिकवावं तसं सांगितलं. राष्ट्राध्यक्षांना शौचाला साफ झाली, हेसुद्धा सांगून टाकलं! त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा झाली आणि आयझेनहॉवर स्वतः अवघडले. पण हार्ट अटॅकबद्दल देशात इतकं उघड बोलणं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

साहेबांना त्यांनी दवाखान्यातच हळूहळू खुर्चीत बसवलं, मग पावलं टाकायला लावलं. सात आठवड्यांनी आयझेनहॉवर बाहेर आले. पुढच्या वर्षी निवडणूक लढवून जिंकलेही.

व्हाईट यांचा मुख्य मुद्दा पायांचा होता. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि शिरांमधलं रक्त वर ढकलतात. शिरांना आतून झडपा असतात, त्यामुळे ते परत खाली घसरत नाही. म्हणजे रक्त वर आणायच्या कामात पाय हृदयाला हातभार लावतात. दिवसभर खुर्चीत बसलेला माणूस हा हातभार काढून घेतो. म्हणून चाला, सायकल चालवा, लिफ्ट सोडा, वजन आटोक्यात ठेवा, सिगारेट टाका, हे त्यांनी लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं. आयझेनहॉवर तर एकेकाळी दिवसाला चार पाकिटं ओढायचे. १९४९ मध्ये त्यांनी ती सोडली होती.

आज हे ऐकून त्यात काय नवं, असं वाटेल. पण तेव्हा चाळिशीनंतर दमणूक हृदयाला घातक, असं डॉक्टरच बजावायचे. व्हाईट मात्र उतारवयातही स्वतः सायकलवर दिसायचे. लोक हसायचे, ते पायडल मारत राहायचे.

याच वादातली एक गोष्ट सांगायलाच हवी. क्लॅरेन्स डीमार हा बॉस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकलेला धावपटू. तरुणपणी डॉक्टरांनी त्याला हृदयात दोष आहे, धावू नकोस म्हणून सांगितलं होतं. गडी ऐकतोय कुठं! साठी ओलांडल्यावरही धावत होता. १९५८ मध्ये तो कॅन्सरनं गेला, तेव्हा त्याचं हृदय तपासण्यात आलं. व्हाईट आणि त्यांचे सहकारी जेम्स करेन्स यांनी १९६१ मध्ये त्यावर लेख लिहिला. डीमारच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या नेहमीपेक्षा दोन ते तीन पट रुंद होत्या. त्यांच्यात थोडी चरबी साचली होती, पण वाट मोठी असल्यानं रक्त अडलं नव्हतं. एका माणसाच्या हृदयावरून सिद्ध काहीच होत नाही, हेही खरं. पण त्याच सुमारास लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दाखवलं होतं, की दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो.

सवयींनी सगळं टळतं असं मात्र नाही. आयझेनहॉवर यांना पुढेही अटॅक येत राहिले आणि १९६९ मध्ये हृदयानंच त्यांचा जीव घेतला. पण डेन्व्हरच्या त्या रात्रीनंतर ते साडेतेरा वर्षं जगले, त्यातली पाच राष्ट्राध्यक्ष म्हणून.

व्हाईट १९७३ मध्ये गेले, ८७ व्या वर्षी. बॉस्टनमध्ये चार्ल्स नदीच्या काठानं एक सायकलमार्ग जातो. त्याला त्यांचं नाव दिलंय.